तसं आमचं काही नाही हो!

मुंबईत घर घेणारे थोडे आणि घर बघणारे फार. घेणाऱ्याला बिल्डर ओळखतो. बघणाऱ्याला साइटवरचा वॉचमन, चहावाला आणि कुत्रा ओळखतो. या दुसऱ्या जमातीतलं एक ज्येष्ठ व्यक्तिमत्त्व म्हणजे बघूकाका. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त आहे. पण सेल्स ऑफिसातल्या पोरापोरींनी ते केव्हाच पुसून टाकलं. कारण तासाभराच्या चौकशीनंतर, दोन कॉफ्या आणि बशीतली सगळी बिस्किटं संपल्यावर काका उठतात, पिशवी खांद्याला लावतात आणि म्हणतात, ‘‘बरं, बघू.’’

सायनपासून मुलुंडपर्यंत आणि वांद्र्यापासून दहिसरपर्यंत दर रविवारी प्रत्येक साइटवर असा एक काका सापडतोच. वय पंचावन्नच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. कापडी पिशवीत दोनशे पानी वही, मोजपट्टी, घरून आणलेलं पाणी आणि काचेची एक गोटी. ही गोटी महत्त्वाची. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर काका गुडघ्यावर बसतात आणि ती टाइलवर ठेवतात. गोटी घरंगळत कोपऱ्यात गेली की सेल्सच्या मुलीकडे मान तिरकी करून बघतात. ती बिचारी सांगते, ‘‘सर, हा फक्त सॅम्पल आहे.’’ काका वहीत लिहितात: ‘सॅम्पलच वाकडा.’ मग पलंगावर सरळ आडवे होतात. पाय बाहेर येतात. पलंगच आखूड केलाय म्हणजे खोली मोठी दिसते, हा शोध काकांना फार पूर्वी लागलेला आहे; तरी दर वेळी त्यांना तो नव्यानं लागतो आणि तितकाच आनंद देतो.

काकांचं बजेट दीड कोटीच्या आत. गावची जमीन विकून आलेले, पीएफचे, आणि मुलाच्या कर्जाचे असे ते तीन ठिकाणचे पैसे. एवढ्यात मुंबईच्या हद्दीत, स्टेशनजवळ, दोन बेडरूमचा फ्लॅट हवा म्हटलं की फिरून फिरून गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली ‘सेल बिल्डिंग’.

ही योजना १९९५ सालची. युती सरकारनं मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घर देण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभं राहिलं. घरं फुकट द्यायची, पण सरकारच्या तिजोरीतून पैसा काढायचा नाही, अशी ती किमया. बिल्डरनं झोपडीवाल्यांची, म्हणजे ‘रिहॅब’ची, इमारत आपल्या खर्चानं बांधायची आणि त्याबदल्यात त्याच प्लॉटवर त्याला विक्रीसाठी बांधकाम मिळायचं. मूळ नियमात उपनगरात हिशेब सरळ होता: रिहॅबचं जितकं, तितकंच विक्रीचं. फुकट घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. म्हणजे सेल बिल्डिंगमध्ये जो फ्लॅट घेतो, तोच समोरच्या इमारतीचंही बिल भरतो; आणि समोरच्यांनी आपली जागा सोडली नसती तर याचा फ्लॅट उभाच राहिला नसता. इतकं घट्ट नातं तर व्याह्याव्याह्यांतही नसतं. तरी दोघांचं गेट वेगळं.

आता ब्रोशर बघा. गुळगुळीत कागदावर चाळीस मजली टॉवर, वर निळं आभाळ, खाली पोडियमवर गोऱ्या बाईचा योगा चाललेला. आणि बावीस मजली रिहॅबची इमारत जिथे प्रत्यक्षात डोळ्यासमोर उभी आहे, तिथे चित्रात गर्द झाडी. बघूकाकांनी एकदा ब्रोशर हातात धरून, खिडकीत उभं राहून विचारलं होतं, ‘‘अहो, ही झाडं कुठली?’’ मुलगी म्हणाली, ‘‘सर, ती आर्टिस्टची कल्पना आहे.’’ काका म्हणाले, ‘‘त्या आर्टिस्टच्या झाडावर तर लुंग्या वाळत घातल्यात.’’

आणि मग ते वाक्य येतं. प्रत्येक बघूकाकाच्या तोंडी ते असतंच, आवाज खाली आणून, मान किंचित पुढे काढून: ‘‘तसं आमचं काही नाही हो, पण तिकडचे लोक कसे आहेत?’’

‘तसं आमचं काही नाही’ ही मराठी मध्यमवर्गाची नांदी आहे. ती झाल्याशिवाय पडदा वर जात नाही. पडदा वर गेल्यावर काय काय निघतं, ते काकांच्या वहीच्या सतराव्या पानावर आहे. गेट वेगळं आहे ना? गेट वेगळं असलं तरी रस्ता एकच का? मध्ये भिंत किती फुटांची? त्यांचा गणपती कुठे बसतो आणि त्याचा स्पीकर कोणीकडे तोंड करून? पोडियमवर त्यांची मुलं येणार नाहीत ना? आमची मुलं त्यांच्या मैदानात गेली तर चालेल ना? शेवटचे दोन प्रश्न एकाखाली एक लिहिलेले आहेत आणि त्यात काही विसंगत आहे असं काकांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

सेल्सवाल्यांची उत्तरं मात्र पाठ असतात. त्यांच्यात ‘झोपडपट्टी’ हा शब्द उच्चारायला बंदी असते. ‘समोरची कम्युनिटी’ म्हणायचं. काकांनी फारच ताणलं की मॅनेजर स्वतः येतो आणि ठेवणीतलं अस्त्र काढतो. ‘‘सर, ताडदेवचे इम्पिरियल टॉवर बघितलेत? साठ मजले. ते कुठे उभे आहेत? झोपडपट्टीच्या जमिनीवर. रिहॅबच्या इमारती बाजूलाच आहेत. तिथे राहणाऱ्यांना चालतं.’’ गोष्ट खरी आहे. २०१० साली पूर्ण झालेले ते जुळे टॉवर त्या वेळी देशातल्या सर्वांत उंच इमारतींत गणले जात, आणि ते एम. पी. मिल कंपाउंडच्या पुनर्वसन योजनेतूनच उभे राहिले. काका निरुत्तर होतात, पण क्षणभरच. ‘‘हो, पण साठाव्या मजल्यावरून खालचं दिसतंय कुणाला? आम्ही सातवा घेणार.’’

हा रोग आपल्याच मातीतला आहे, असंही समजू नये. काकांच्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या पुतण्यानं फोनवर सांगितलेली हकीकत वहीत टिपलेली आहे. न्यूयॉर्कला मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड बुलेव्हार्डवर एक इमारत झाली. श्रीमंतांचे फ्लॅट नदीच्या बाजूला आणि कमी भाड्याची ५५ घरं मागच्या बाजूला, वेगळ्या दारानं. २०१४ साली त्यावर एवढा गदारोळ झाला की ‘गरिबांचं दार’ हे नावच पडलं आणि पुढच्या वर्षी असल्या वेगळ्या दारांवर बंदी आली. पण त्या ५५ घरांसाठी अर्ज किती आले? ८८ हजार! दारावरून भांडण पेपरवाल्यांचं. ज्यांना घर हवं होतं त्यांनी दार कुठलं आहे ते न बघता फॉर्म भरला. काकांना यातलं एवढंच लक्षात राहिलं की वेगळ्या दाराची कल्पना अमेरिकेतही निघाली होती, म्हणजे ती वाईट नसावी.

एक गोष्ट सेल्स ऑफिसात काका कधी बोलत नाहीत. ती म्हणजे ते स्वतः कुठे राहतात.

काका गिरगावात राहतात. पागडीची खोली, एकशे ऐंशी चौरस फूट, बाहेर कॉमन गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास. इमारत उपकरप्राप्त, ‘अ’ वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची. भाडं अजून दोन आकडी. घरमालक पावती फाडतो तो कागद त्या भाड्यापेक्षा महाग पडत असेल. खोली काकांच्या मालकीची नाही, पण त्यांना कोणी सहजी बाहेरही काढू शकत नाही, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेण्यादेण्यालाही मान्यता मिळाली. मालक नाही, भाडेकरूही धड नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत त्यांच्या तीन पिढ्या सुखानं नांदल्या. नायगावच्या बीडीडी चाळीतला त्यांचा वर्गमित्र मात्र आता भेटला की पाठीवर थाप मारून ‘‘पाचशे, फुकट!’’ एवढंच म्हणतो. बीडीडीच्या १६० फुटी खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला पहिल्या ५५६ चाव्या वाटल्याही गेल्या. त्या दिवशी काकांनी टीव्ही बंद केला आणि रात्री ताकही घेतलं नाही.

तर या गिरगावच्या इमारतीचाही पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. विकास नियमावलीचा नियम ३३(७): जुन्या भाडेकरूंना निदान ३०० चौरस फूट फुकट, आणि उरलेल्या बांधकामात विक्रीचे फ्लॅट. एका रविवारी सकाळी काका गॅलरीत पंचा नेसून दात घासत असताना खाली एक तरुण जोडपं आलं. बरोबर ब्रोकर. त्या मुलीनं मोबाइल वर करून इमारतीचा फोटो काढला, त्यात काकाही आले. मग तिनं विचारलं, ‘‘हे सगळे लोक नंतरही इथेच राहणार?’’ ब्रोकर म्हणाला, ‘‘मॅडम, काळजी करू नका. त्यांची विंग वेगळी, लिफ्ट वेगळी. तुमचा आणि त्यांचा काही संबंध येणार नाही.’’

काकांच्या तोंडात फेस होता, म्हणून मुंबई एका ऐतिहासिक भाषणाला मुकली. चूळ भरून ते कठड्याशी आले तोवर खाली कोणी नव्हतं. मग ते भाषण काकूंना ऐकावं लागलं. आजोबा १९३२ साली या खोलीत आले इथपासून टिळकांच्या अंत्ययात्रेपर्यंत काका उलटे उलटे गेले. ‘‘संबंध येणार नाही म्हणे! आम्ही काय झोपडपट्टीवाले आहोत?’’ काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आज चेंबूरला जायचं होतं ना तुम्हाला? उशीर होतोय.’’

काका गेले. आणि चेंबूरच्या सेल्स ऑफिसात, आवाज खाली आणून, त्यांनी विचारलं, ‘‘तसं आमचं काही नाही हो, पण त्यांची लिफ्ट वेगळी आहे ना?’’

याच चेंबूरच्या साइटवर पुढे जे घडलं, त्यामुळे काकांच्या वहीला कलाटणी मिळाली. सेल टॉवरचं काम अठराव्या मजल्यावर होतं. रिहॅबची पहिली विंग लोकांनी भरलेली, दुसरी सहाव्या मजल्यावर थांबलेली. काकांनी ठरवलं, एकदा तिकडे आत जाऊन बघायचंच. सोंग ठरलं: ‘भाड्यानं खोली शोधतोय.’ आत पाऊल टाकलं तर अरुंद पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, दारांपुढे चपला, आणि एका दारासमोर तुळस. भर दुपारी दिवा लावावा लागत होता. दोनपैकी एक लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेस्तोवर काकांना दम लागला आणि त्याच क्षणी वास आला. ताजे बोंबील, रव्यात घोळवून, तव्यावर.

दार उघडंच होतं. आतल्या बाईंनी हातातलं कालथं न ठेवता विचारलं, ‘‘कोण पाहिजे काका?’’

‘‘खोली होती का ताई, भाड्यानं?’’

बाईंनी त्यांच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं. पिशवीतून मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं. ‘‘तुम्ही सेलवाले ना? रोज एकजण येतो, खोली शोधायला. बसा. पाणी घ्या.’’

काका बसले. आणि पुढचा दीड तास त्यांनी वहीत एक अक्षर लिहिलं नाही, कारण बाईंच्या वेगानं लिहिणं शक्यच नव्हतं. त्या वीस वर्षं या भानगडीत होत्या. दिवाणाखालून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात १ जानेवारी १९९५ च्या आधीच्या मतदार यादीचं पान, विजेची बिलं, परिशिष्ट-२ मधलं, म्हणजे पात्र झोपडीवाल्यांच्या यादीतलं, स्वतःचं नाव पिवळ्या पेननं रंगवलेलं, ट्रान्झिट कॅम्पच्या पावत्या, सगळं तारखेवार. काकांची वही त्यापुढे शाळकरी पोराची वाटली. इरादापत्र कधी निघालं, त्यात दुरुस्ती कितीदा झाली, संमतीसाठी कोणाच्या घरी किती वेळा चहा झाला, अपात्र ठरलेला शेजारी कुठल्या कागदावर पात्र झाला, हे सगळं त्यांना पाठ. जमीन महापालिकेची, हेही त्यांनीच सांगितलं. ती दोन्ही सोसायट्यांना भाडेपट्ट्यानं मिळणार. ३० वर्षांचा पट्टा, पुढे वाढवता येणारा, आणि चार हजार चौरस मीटरला भाडं १,००१ रुपये. लग्नात आहेराचं पाकीट द्यावं तशी ही रक्कम ऐकून काका हसले. ‘‘आणि सेलवाल्यांना?’’ ‘‘तुम्हालाही तेच. जमिनीला काय कळतंय, वर कोण झोपलंय?’’

काकांनी हळूच त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला, पण त्यांच्याआधीच बाईंनी तो विचारला. ‘‘आमचं तसं काही नाही काका, पण त्या टॉवरमध्ये लोक कसे येणार आहेत? टॉवर चढल्यापासून आमच्याकडे ऊन येत नाही ते सोडा. पण मच्छी तळली की खाली कंप्लेंट करणारे यायला नकोत.’’

काकांची नजर तव्याकडे गेली. ‘‘छे छे,’’ ते म्हणाले, ‘‘असे लोक आम्हालाही नकोत.’’ एक तुकडी बशीत आली. मग दुसरी. तिसऱ्या तुकडीला काका सेलवाले राहिले नव्हते.

जाताना बाईंनी जे सांगितलं ते त्यांना मॅनेजरनं, ब्रोकरनं, ब्रोशरनं, कोणीच सांगितलं नव्हतं. खिडकीतून त्यांनी अर्धवट उभ्या दुसऱ्या विंगकडे बोट दाखवलं. गजांना गंज चढलेला. ‘‘ती विंग दिसते ना? एकशे चाळीस घरं. ती माणसं अजून बाहेर भाड्यानं राहतायत. ती विंग होत नाही तोवर तुमच्या टॉवरला ओसी कोण देतंय? तुम्ही आमच्या गेटची चौकशी करताय, काका. तुमची चावी आमच्या खिळ्याला अडकवलीय.’’

मुद्दा असा की अशा योजनेत सेलच्या परवानग्या, अगदी ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, रिहॅबच्या कामाशी बांधलेल्या असतात. रिहॅब रखडलं की सेल अडकतं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तिथली योजना म्हाडाची, झोपडपट्टीची नव्हे, पण गणित तेच. २००८ च्या करारानंतर ६७२ कुटुंबं घर सोडून बाहेर पडली, पुढे त्यांचं भाडं बंद झालं, २०१८ साली म्हाडानं विकासकाला काढून टाकलं. आणि विक्रीच्या भागात पैसे भरलेले लोक आणि २०१६ च्या सोडतीत तिथं घर लागलेले ३०६ जणही त्याच चिखलात रुतले. मूळ भाडेकरू, सोडतीवाले आणि विकत घेणारे, तिघांनाही कित्येक वर्षं चावी मिळाली नाही. त्या समतेसाठी कुठली चळवळ करावी लागली नाही.

काका त्या रात्री वही उघडून बसले. सतरावं पान त्यांनी फाडलं नाही. काका काहीच फाडत नाहीत. पण पुढच्या पानावर नवे प्रश्न आले. रिहॅबच्या किती घरांना ओसी मिळाली? उरलेल्यांचं भाडं कोणत्या महिन्यापर्यंत दिलंय? १ मे २०१७ पासून बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा आहे, म्हणून ते त्या संकेतस्थळावर गेले. प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण होण्याची तारीख, ती कितीदा पुढे ढकलली, कोर्टात किती खटले, सगळं उतरवून काढलं. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्यांनी मॅनेजरला दाखवून दिलं. मॅनेजर म्हणाला, ‘‘सर, आम्हाला माहीत आहे.’’ काका म्हणाले, ‘‘तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत असावं, म्हणून दाखवलं.’’ पुढच्या रविवारी त्यांनी गणपतीच्या स्पीकरचं नावही काढलं नाही. नुसतं विचारलं, ‘‘दुसरी विंग कुठपर्यंत आली?’’ सेल्सची मुलगी पहिल्यांदाच ब्रोशर उघडायला विसरली.

पावसाळ्यात दुसऱ्या विंगच्या लोकांचं भाडं थकलं आणि त्यांनी साइटच्या गेटवर ठिय्या दिला. त्या ठिय्यात तिसऱ्या रांगेत, छत्री उघडून, बघूकाका बसले होते. ‘‘भाडं द्या, भाडं द्या’’ ही घोषणा ते जरा संकोचानं, पण तालात देत होते. वॉचमननं ओळखलं. ‘‘काका, तुम्ही इकडे कसे?’’ काका म्हणाले, ‘‘यांचं भाडं थकलं की आमचा फ्लॅट थकतो.’’ आता आमचा फ्लॅट म्हणायला काकांनी तोवर रुपयाही भरलेला नव्हता. पण ठिय्याला बसलेल्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना डोकी हवी होती, आणि काकांचं डोकं पांढरं असल्यामुळे फोटोत ते पुढे घेतलं गेलं. पेपरात खाली ओळ आली: ‘संतप्त झोपडीवासीय ज्येष्ठ नागरिक.’ ते कात्रण गिरगावात हातोहात फिरलं. काकांनी खुलासा पाठवायचा म्हणून लिहायला घेतला. ‘तसं आमचं काही नाही’ इथवर आले आणि पेन ठेवलं.

भाडं मिळालं, काम सुरू झालं, दुसरी विंग चढली. काकांच्या फेऱ्या वाढल्या, पण दिशा बदलली. आता ते आधी तिसऱ्या मजल्यावर जात, कामाची खबर घेत, आणि मग सेल्स ऑफिसात जाऊन मॅनेजरला त्याच्याच साइटवर काय चाललंय ते सांगत. रिहॅबच्या इमारतीत नियमानं बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचं ऑफिस असतं. बालवाडीच्या बाई सुटीवर गेल्या तेव्हा काकांनी दोन दिवस पोरांना पाढे शिकवले. सेल टॉवरमध्ये असलं काही नाही. तिथे ‘सिनियर सिटिझन डेक’ आहे, म्हणजे दोन बाक आणि एक बांबू.

घ्यायचं की नाही हा निर्णय तरीही होईना. बांधकाम चालू असताना घेतलं तर पाच टक्के जीएसटी. ओसी आल्यावर घेतलं तर शून्य. परवडणाऱ्या घराला एकच टक्का लागतो, पण त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी. ४५ लाखांत चेंबूरला काय मिळेल, असं काकांनी विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, ‘‘सर, पार्किंग बघू शकतो.’’ काकांनी ओसीसाठी थांबायचं ठरवलं. एक कोटी चाळीस लाखांवर सात लाख वाचणार होते. ओसी आली, त्या आठवड्यात भाव एक कोटी एक्कावन्न झाला. सात वाचवायला अकरा गेले, हे गणित काकूंनी पीठ मळता मळता केलं आणि कणीक जरा जोरात आपटली.

‘‘आता बघू म्हणालात,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर मी एकटी जाऊन बुक करीन.’’

ही धमकी होती. पण काकांच्या डोक्यात त्यातून वेगळाच दिवा पेटला. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर पाच. एक टक्का म्हणजे एक लाख एक्कावन्न हजार. अट एकच: नावात पुरुष नको. नवऱ्याचं नाव दुसरं लावलं तरी सवलत गेली. काकांनी एक रात्र तळमळत काढली. दारावर पितळी पाटी लावायचं त्यांचं वडिलांपासूनचं स्वप्न होतं. अक्षरांचा नमुनाही वहीत काढून ठेवलेला होता. पहाटे ते उठून बसले आणि म्हणाले, ‘‘अगं, ऐकलंस का? तुझ्याच नावावर घेऊ.’’ बायकांना मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून या महाराष्ट्रात शंभर वर्षं भाषणं झाली. गिरगावातल्या एका खोलीत ते काम एक टक्क्यानं झालं.

निबंधक कार्यालयात काकूंचा फोटो झाला, अंगठा झाला, सही झाली. दोन साक्षीदार लागतात. एक म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या, आपल्या कागदांची पिशवी बगलेत घेऊन. कुठे काय लागेल सांगता येत नाही म्हणून. त्यांनी कारकुनाशी दोन शब्द बोलून सही ठोकली आणि बाजूला झाल्या. दुसरे साक्षीदार बघूकाका.

‘‘इथे सही करा,’’ कारकून म्हणाला.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘वाचायला नको का आधी?’’

‘‘अहो, साक्षीदारानं वाचायचं नसतं. बाईंनी वाचलंय.’’

‘‘वाचलं असेल हो तिनं. पण आमचं आपलं एक असतं.’’ काकांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बसले, एकशे बारा पानांचा दस्त मांडीवर घेतला आणि पान पहिलं उघडलं. पिशवीतून वही निघाली. मागे रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘‘काका, संध्याकाळ होईल!’’

काकांनी मान वर न करता हात दाखवला. ‘‘होतंय, होतंय. बघू.’’